शेवटच्या वर्षाचा संशोधन प्रकल्प : विहिरींच्या पाण्यावर. आराखडा तपासून द्याल का?

पाटकरी | सोमवार, रात्री ८:४०

नमस्कार मंडळी. बी.एस्सी. रसायनशास्त्र, चौथं वर्ष, 'ऑनर्स विथ रिसर्च'. १२ क्रेडिटचा प्रकल्प स्वतंत्रपणे करायचा आहे, म्हणजे गट नाही, एकट्यानेच. विषय ठरवलाय : बारामती तालुक्यातल्या भूजलाची गुणवत्ता. ४० गावं, प्रत्येक गावात एक विहीर किंवा बोअर, १५ घटक (पीएच, टीडीएस म्हणजे एकूण विरघळलेले क्षार, कठीणपणा, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह वगैरे), तिन्ही ऋतूंत नमुने. पावसाळ्याआधीची फेरी मे महिन्यात. मार्गदर्शक म्हणाले, "विषय मोठा वाटतोय, पण बघ." जाणकारांनी सांगावं, मोठा आहे का? आणि सुरुवात कुठून करू?

रिकामटेकडा | रात्री ८:५२

४० गावं? प्रकल्प आहे की पालखी?

बोरू | रात्री ९:१०

मोठा आहे, आणि किती ते मोजता येतं. ४० गुणिले १५ गुणिले ३ म्हणजे १८०० मापनं. प्रत्येक मापन दोनदा केलं तर ३६००. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे १२ क्रेडिटचे ३६० तास. एका मापनाला सहा मिनिटं आली, तीसुद्धा नमुने गोळा करणं, द्रावणं बनवणं, काचसामान धुणं, वाचणं, लिहिणं हे सगळं शून्य मिनिटांत उरकलं तर.

दुसरं. चौथं वर्ष सुरू होतं जुलै-ऑगस्टमध्ये आणि अहवाल जातो एप्रिलच्या आसपास. तुमची मे महिन्यातली फेरी एक तर वर्ष सुरू व्हायच्या आधी पडते, नाही तर अहवाल दिल्यावर. ऑक्टोबरअखेर आणि फेब्रुवारीअखेर, एवढ्या दोनच फेऱ्या धरा.

मुरूम | रात्री ९:३४

बोरू यांच्याशी सहमत, पण खरी अडचण आकड्यांची नाही. यात प्रश्नच नाही. 'अमुक तालुक्यातल्या भूजलाची गुणवत्ता' हे शीर्षक झालं. काय शोधताय ते एका वाक्यात, शेवटी प्रश्नचिन्ह येईल असं लिहा. बारामतीत तर असा प्रश्न समोर पडलेला आहे. एकीकडे नीरा डाव्या कालव्याखालचा बागायती पट्टा, ऊस आणि पाटपाणी. दुसरीकडे सुपे-मोरगावकडचा जिरायती भाग. खडक दोन्हीकडे दख्खनचा बेसॉल्टच. आडसाली उसाला नत्राची शिफारसच हेक्टरी ४०० किलो आहे. पिकाने न उचललेलं नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरतं, कारण मातीचे कण ऋणभारित असतात आणि नायट्रेटही, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही.

मग प्रश्न असा : कालव्याखालच्या विहिरींत नायट्रेट जिरायती भागापेक्षा जास्त आहे का, आणि पावसाळ्यानंतर चार महिन्यांत ते किती बदलतं? १२ विहिरी इकडे, १२ तिकडे. घटक सहा : पीएच, विद्युतवाहकता, अल्कता, एकूण कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट. लोह, फ्लोराइड सोडून द्या.

आंबटचिंच | रात्री १०:०५

मुरूमदादा, फ्लोराइड का सोडायचं? भारतीय मानकात ते आहे की.

मुरूम | रात्री १०:१८

मानकात पुष्कळ काही आहे. आयएस १०५०० मध्ये, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर, आणि तिला सवलतच नाही. कठीणपणाला २०० स्वीकारार्ह, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. फ्लोराइड १, आणि सवलतीत १.५. पण मानकात आहे म्हणून मोजायचं हे काम पाणी तपासणी प्रयोगशाळेचं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ज्याने बदलत नाही ते मोजू नका.

विंधन | मंगळवार, सकाळी ७:१५

सगळे मुख्य आयन मोजल्याशिवाय आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? धन आणि ऋण आयनांची मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (आयनांचा विद्युतभार धरून मोजायचं एकक) बेरीज करायची, फरक ५ टक्क्यांच्या आत यायला हवा. सहा घटकांत हा ताळेबंद जुळवताच येत नाही. सोडियम, पोटॅशियम (फ्लेम फोटोमीटर बहुतेक महाविद्यालयांत असतो) आणि सल्फेट हवंच.

बोरू | सकाळी ८:०२

बरोबर, पण सगळ्या नमुन्यांना कशाला? प्रत्येक फेरीत आठ नमुने निवडा, त्यांचा पूर्ण ताळेबंद करा. बाकीच्यांना ढोबळ पडताळा : मायक्रोसिमेन्समधली वाहकता भागिले १०० म्हणजे साधारण धन आयनांची बेरीज, मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटरमध्ये. वाहकता १२०० असेल तर १२ च्या आसपास. एकट्या कठीणपणाचेच १६ येत असतील (८०० ला ५० ने भागून) तर कुठेतरी गडबड आहे, बहुधा ब्युरेटमध्ये. अर्थात वाहकतामापकही आधी तपासलेलं हवं. ०.७४५६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड एक लिटरमध्ये, २५ अंशाला १४१३ दाखवलं पाहिजे.

कडुनिंब | सकाळी ९:४०

मुरूम यांच्या आराखड्यात एक भोक आहे. जिरायती भागातल्या विहिरी फेब्रुवारीअखेर आटतात. १२ धरल्या तर दुसऱ्या फेरीत ८ उरतील, आणि उरलेल्या आठ म्हणजे जास्त पाण्याच्या, म्हणजेच वेगळ्या प्रकारच्या विहिरी. तुलना तिथेच वाकडी झाली. तिकडे १५-१६ घ्या. आणि बोअर आणि विहीर एकत्र करू नका. ४० फुटांची विहीर आणि ३०० फुटांचं बोअर ही दोन वेगळी पाणी आहेत. फक्त विहिरी घ्या.

पाटकरी | सकाळी ११:२०

बापरे. एका रात्रीत ४० ची २८ झाली. वाईट वाटायला हवं, पण हलकं वाटतंय. नायट्रेट कोणत्या पद्धतीने करू? विभागात यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे.

शाईपेन | दुपारी १:०५

असेल तर २२० नॅनोमीटरची पद्धत सर्वांत सोपी, नायट्रेट त्या तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषतं. जरा सविस्तर लिहिते, कारण फसायला जागा बऱ्याच आहेत.

साठा द्रावण : पोटॅशियम नायट्रेट १०५ अंशाला ओव्हनमध्ये रात्रभर वाळवायचं, ०.७२१८ ग्रॅम एक लिटरमध्ये. हे झालं १०० मिलिग्रॅम प्रतिलिटर, पण *नायट्रोजन म्हणून*. त्यातून ०.५, १, २, ३, ५, ७ ची मानक द्रावणं. ७ च्या वर जाणारा नमुना विरळ करून मोजा. प्रत्येक ५० मिलिलिटरला १ मिलिलिटर १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, नमुन्यांना आणि ब्लँकलाही (नमुन्याऐवजी नुसतं शुद्ध पाणी). आम्ल घातलं की हायड्रॉक्साइड-कार्बोनेटचा त्रास जातो. २२० ला वाचन, मग २७५ ला वाचन. २७५ ला नायट्रेट शोषत नाही, सेंद्रिय द्रव्य शोषतं. म्हणून २२० च्या वाचनातून २७५ च्या वाचनाची दुप्पट वजा करायची. ही वजाबाकी २२० च्या वाचनाच्या १० टक्क्यांहून जास्त होत असेल तर त्या नमुन्याला ही पद्धत लावायची नाही. आधी गाळून घ्या. गढूळपणा सगळं बिघडवतो.

उदाहरण. नमुना दहापट विरळ केला. २२० ला ०.४१२, २७५ ला ०.०१२. दुरुस्त वाचन ०.३८८. आलेखाचा चढ ०.२५० असेल तर १.५५, दहाने गुणून १५.५ मिलिग्रॅम नायट्रोजन. मानकातले ४५ मात्र *नायट्रेट म्हणून* आहेत. १५.५ ला ४.४३ ने गुणा, ६९ येतात. म्हणजे पाणी मर्यादेबाहेर. न गुणता १५.५ ची ४५ शी तुलना केली तर हेच पाणी 'उत्तम' ठरतं. छापून आलेल्या लेखांतसुद्धा ही चूक सापडते.

आणि क्युव्हेट (यंत्रात नमुना ठेवायच्या छोट्या नळ्या) क्वार्ट्झचे हवेत. साधी काच २२० ला प्रकाश जाऊच देत नाही. वाचन ३ च्या वर अडकून बसलं तर यंत्राला शिव्या घालण्याआधी क्युव्हेट बघा.

रिकामटेकडा | दुपारी १:२०

शेवटचं वाक्य सोनेरी अक्षरांत ब्लॅक बुकच्या (बांधलेल्या अहवालाच्या) मुखपृष्ठावर.

विंधन | दुपारी २:११

शाईपेन यांना दंडवत. एक भर. कठीणपणाचे नमुने टिकवायला नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली नेतात. त्याच बाटलीतून पुढे नायट्रेट मोजलं तर काय मोजलं जाईल ते सांगायला नको. दोन बाटल्या ठेवायच्या. नायट्रेटच्या बाटलीत काहीही न घालता बर्फाच्या पेटीत ठेवायचं आणि ४८ तासांत मोजायचं. म्हणजे एका खेपेत एवढेच नमुने आणा की दोन दिवसांत संपतील. १४-१५ पुरे. शनिवारी नमुने आणून रविवारी प्रयोगशाळा बंद, असं वेळापत्रक करू नका.

कडुनिंब | दुपारी ४:३०

नमुन्याच्या दिवसाबद्दल. विहिरीत पोहरा सोडायचा तर पृष्ठभागाखाली फूटभर बुडवून, काठाजवळचं शेवाळलेलं पाणी टाळून. बाटली त्याच पाण्याने तीनदा खळबळायची. मोटर लावलेली असेल तर निदान दहा मिनिटं चालू राहू द्या, मगच भरा, नाही तर पाइपातलं शिळं पाणी मिळतं. आणि मोटर चालायला थ्री फेज लाइट हवी. शेतीच्या लाइटीचं त्या आठवड्याचं वेळापत्रक आधी विचारून घ्या, ते दिवसपाळी-रात्रपाळीने फिरतं. रात्री दहाला लाइट आली तर विहिरीवर तुम्ही एकटे आणि कुत्री.

कालव्याचं आवर्तन कधी सुटलं तेही लिहून ठेवा. आवर्तन चालू असताना विहिरीत पाझर येतो, क्षार विरळ होतात. आठवड्यापूर्वीचा आणि आजचा नमुना यांतला फरक ऋतूचा नसून पाटाचा असू शकतो. आणखी एक, आधी सगळ्या बागायती विहिरी आणि पंधरा दिवसांनी सगळ्या जिरायती, असं करू नका. मध्ये पाऊस पडला तर फरक पट्ट्याचा की पावसाचा हे कुणालाच सांगता येणार नाही. एका दिवसात तीन इकडच्या, तीन तिकडच्या.

आंबटचिंच | संध्याकाळी ६:०२

शेतकऱ्याला काय काय विचारायचं?

कडुनिंब | संध्याकाळी ६:२५

विहिरीची खोली, पाण्याची पातळी (दोरीला वजन बांधून स्वतः मोजा, 'तीन पुरुष' हे उत्तर लिहू नका), भोवतालचं पीक, लागण की खोडवा, शेवटचा युरिया कधी टाकला. आणि विहिरीपासून गोठा-उकिरडा किती पावलांवर ते डोळ्यांनी बघा. हे शेवटचं फार महत्त्वाचं. उकिरड्यातूनही नायट्रेट उतरतं. ते नोंदवलं नाही तर सगळा दोष उसावर जातो.

मुरूम | संध्याकाळी ६:४८

हे मी विसरलो होतो. मान्य. मग निवड करतानाच ३० मीटरच्या आत गोठा किंवा उकिरडा असलेल्या विहिरी वगळा, दोन्ही पट्ट्यांत सारख्याच नियमाने. आणि हा नियम अहवालात लिहा.

तिसरी घंटा | रात्री ८:१५

परवानगीचा विषय कुणी काढला नाही. मालकाला विचारूनच पाणी घ्यायचं. अहवालात मालकाचं नाव, गट नंबर, अचूक अक्षांश-रेखांश द्यायचे नाहीत. ब-१, ज-१ असे संकेत पुरे. आकडे आले की त्यांना तोंडी नको, चिठ्ठीवर लिहून द्या. नायट्रेट जास्त निघालं तर हमखास विचारतात, "उकळून प्यायलं तर?" उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं म्हणून उलट वाढतं. तुरटीने जात नाही, क्लोरीननेही नाही. आरओने कमी होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध त्या पाण्यात कालवून देऊ नये, एवढं नक्की सांगा.

पाटकरी | बुधवार, सकाळी १०:१०

कठीणपणासाठीच्या ईडीटीए अनुमापनात शेवटचा बिंदू नीट दिसत नाही. लालसर-जांभळा बराच वेळ रेंगाळतो. हा सरावाचा भाग आहे की काही चुकतंय?

बोरू | सकाळी १०:५५

तीन गोष्टी बघा. बफरची बाटली हुंगा. नाकात झणका बसला नाही तर अमोनिया उडालाय, पीएच १० राहत नाही, नवीन करा. इरिओक्रोम ब्लॅक टी (बिंदू दाखवणारा रंग) द्रावणात ठेवलं असेल तर फेकून द्या, ते टिकत नाही. ०.५ ग्रॅम रंग १०० ग्रॅम मिठात (सोडियम क्लोराइड, स्वयंपाकघरातलं नव्हे) खलबत्त्यात घोटा, चिमूटभर वापरा. जास्त टाकलं तरी बिंदू लपतो. तिसरं, नमुन्यात लोह किंवा तांबं असेल तर रंग अडकून बसतो.

५० ऐवजी २५ मिलिलिटर नमुना घ्या, २५ मिलिलिटर डीआयोनाइज्ड पाणी घाला, म्हणजे ईडीटीए १५ मिलिलिटरच्या आत लागेल. बफर घातल्यावर पाच मिनिटांत संपवा, नाही तर त्या पीएचला कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं आणि वाचन कमी येतं. शेवटचे थेंब सावकाश, दोन थेंबांत तीन-चार सेकंद. लालसर छटा *पूर्ण* जाऊन स्वच्छ निळा झाला की थांबा. खाली पांढरा कागद ठेवा. पिवळ्या बल्बखाली निळ्यातही लालसर छटा दिसते, शक्यतो खिडकीशी बसा.

०.०१ मोलर ईडीटीए म्हणजे डायसोडियम मीठ ३.७२३ ग्रॅम प्रतिलिटर, पण वजनावर विसंबू नका, कॅल्शियम कार्बोनेटच्या मानक द्रावणाशी दर आठवड्याला ताडून घ्या. साठवण प्लास्टिकच्या बाटलीत. काचेतून कॅल्शियम ओढून घेतं.

हिशोब : ८.६ वाचन, ०.१ ब्लँक, ८.५ गुणिले १००० भागिले २५ म्हणजे ३४०. तीनशे चाळीस. ३४०.००० नव्हे. ब्युरेटवर ०.१ चे भाग आहेत आणि एक्सेल तीन दशांश देतंय म्हणून पाणी जास्त अचूक होत नाही.

शाईपेन | सकाळी ११:३०

आणि ब्लँकच ०.५ यायला लागला तर विभागाचं डिस्टिल्ड वॉटर तपासा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून, तसं उलटं : आडातच कॅल्शियम असेल तर पोहऱ्यात येणारच.

आंबटचिंच | दुपारी १२:०५

सांख्यिकीचं काय? टी-टेस्ट लावून पी ०.०५ च्या खाली आला की झालं ना?

विंधन | दुपारी १२:४४

नायट्रेटचे आकडे एका बाजूला कललेले असतात. बहुतेक विहिरी १०-३० च्या घरात आणि दोन-तीन एकदम १०० च्या वर. लहान संख्येला मान-व्हिटनी चाचणी (आकड्यांच्या क्रमावरून दोन गटांची तुलना) बरी. दोन फेऱ्यांची तुलना त्याच विहिरींची आहे, म्हणून तिथे विल्कॉक्सनची जोडीदार चाचणी. २८ विहिरींचे दोन फेऱ्यांतले ५६ आकडे एकत्र ओतून 'नमुनासंख्या ५६' असं लिहू नका. एकाच विहिरीतून तीन बाटल्या भरल्या म्हणजेही तीन विहिरी होत नाहीत, व्हायवात पहिला प्रश्न इथेच येतो. सरासरीबरोबर मध्यक द्या आणि सगळे आकडे परिशिष्टात. फरक नाही निघाला तर 'फरक आढळला नाही' असं लिहा, तोही निष्कर्षच आहे.

शोध-मर्यादेखालच्या आकड्याला शून्य लिहायचं नाही. किमान सात ब्लँकची वाचनं घ्या, त्यांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट भागिले चढ, ती तुमची मर्यादा. त्याखाली 'मर्यादेपेक्षा कमी'.

रिकामटेकडा | दुपारी १:००

अवांतर : ब्लॅक बुक काळंच का असतं? निकालाची पूर्वसूचना?

तिसरी घंटा | दुपारी १:३२

बाइंडरकडे तोच रेक्झिनचा गठ्ठा असतो म्हणून. गंमत सोडा, मार्चअखेर त्याच्याकडे रांग लागते, आठवडा आधी द्या. त्याआधी साम्य-तपासणी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. संदर्भसूची, अवतरणं, प्रमाणित समीकरणं त्यातून वगळलेली आहेत. १० ते ४० मध्ये गेलं तर दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागतं. सगळ्यात जास्त साम्य 'पद्धती' प्रकरणात निघतं, कारण ती पुस्तकातून उतरवलेली असते. तुम्ही खरंच जे केलं ते लिहा : २५ मिलिलिटर घेतलं, खिडकीशी बसलो, बफर दर आठवड्याला नवा केला. आपोआप वेगळं होतं. आणि चॅटबॉटने दिलेला संदर्भ मूळ लेख उघडून पाहिल्याशिवाय यादीत घालू नका. असे लेख कित्येकदा अस्तित्वातच नसतात.

जुनी कामं शोधगंगेवर (विद्यापीठांच्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) चाळा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी मिळाल्या तर तुमच्या पातळीच्या आकड्यांना आधार मिळेल.

पाटकरी | गुरुवार, रात्री ९:०५

सर्वांचे आभार. सुधारित आराखडा :

प्रश्न मुरूम यांनी लिहिला तोच. बागायती १२, जिरायती १६, सगळ्या विहिरी, ३० मीटरच्या आत गोठा-उकिरडा नाही. फेऱ्या ऑक्टोबरअखेर आणि फेब्रुवारीअखेर, प्रत्येक फेरी दोन खेपांत, खेपेला १४ नमुने. सहा घटक सगळ्यांना, पूर्ण ताळेबंद आठ नमुन्यांना. दर दहाव्या नमुन्याची जोडबाटली (त्याच विहिरीची दुसरी बाटली). सप्टेंबरमध्ये चार विहिरींवर रंगीत तालीम. रसायनांची यादी याच आठवड्यात देणार, कारण कोटेशनात महिना जातो असं कळलं. मार्गदर्शकांना दाखवलं, म्हणाले, "आता करता येईल."

काही राहिलं का?

मुरूम | रात्री ९:२०

दर दहाव्या ऐवजी खेपेला दोन जोडबाटल्या करा, दोन्ही पट्ट्यांतली एकेक. १४ मध्ये दहावा एकदाच येतो.

शाईपेन | रात्री ९:२६

नोंदवही बांधीव, पानांना आकडे घातलेली, पेनने. चुकलं तर एक आडवी रेघ, खाडाखोड नाही. सुटे कागद नकोत.

कडुनिंब | रात्री ९:४१

बाटलीचा नंबर अंगावर लिहा, झाकणावर नको. २८ बाटल्या एकदम धुवायला काढल्या की झाकणं बदलतात. आणि मार्करवर सेलोटेप चिकटवा, बर्फाच्या पेटीत पाणी सुटलं की शाई पुसते.

पाटकरी | रात्री ९:४४

झाकणावरच लिहिले होते. पुसतोय.